जायिन माशाची दोरी, व्याह्याकडून

तोरंगी, इलीकाठ
११ एप्रिल १९८१

व्याही एसकाइर यांना माकुलबेकचा सलाम.

गुरंढोरं खुशाल? लेकरंबाळं खुशाल? तुमच्याकडे गुरं नाहीत हे मला ठाऊक आहे, पण पत्राची सुरुवात गुरांपासून केली नाही तर माझा हात पुढे सरकत नाही. आमची गाय व्याली. झिलिखाचा गुडघा होता तसाच आहे. नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला.

आता मुद्द्याचं. तुमच्या उरजियाच्या कानात आमच्या झिलिखाने सोयरिकीचे डूल घातले, त्या दिवशी तुमच्या बैठकीत आपलं दोघांचं काय बोलणं झालं ते तुम्ही विसरला नसालच. तरी लिहून ठेवतो, कारण त्या दिवशी जेवण जरा जास्तच झालं होतं. तुम्ही म्हणालात, लग्नानंतर पोरं अल्मा-अतात तुमच्याकडे राहणार. मी म्हणालो, बोल्तिरिक माझं शेंडेफळ आहे, शेंडेफळाने बापाची चूल राखायची असते, आणि सासऱ्याकडे राहणाऱ्या जावयाला लोक कुत्र्याचं पिल्लू म्हणतात. तुम्ही म्हणालात, तोरंगीत आहे काय, डास आणि गप्पा. मी म्हणालो, आमच्या नदीत माणसाएवढा जायिन मासा आहे. त्यावर तुम्ही हसलात. ते हसणं मला झोंबलं आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला: लग्नाच्या आत नवऱ्यामुलाएवढा लांब जायिन मी गळाने काढून दाखवतो, जाळ्याने नव्हे. दाखवला तर पोरं तोरंगीत राहतील, नाही दाखवला तर तुमच्याकडे. तुम्ही माझ्या हातावर हात मारलात. साक्षीला दोन्हीकडची माणसं बसली होती.

अडचण अशी की माझ्याकडे दोरी नाही. तोरंगीच्या दुकानात सध्या लोकरी बूट आणि काकडीच्या लोणच्याच्या बरण्या आहेत. तंगूस मिळतो तो बोटभर माशांचा. जायिन म्हणजे मिशीवाला बैल. बदक पोहत असलं की खालून तोंड उघडतो आणि बदक संपतं. शहरात माझं तुमच्याशिवाय कोणी नाही. म्हणून तुमच्याकडे कोल्का घालतो, रिवाजाची हक्काची मागणी: त्याला धरेल अशी दोरी पाठवा. व्याह्याने घातलेली कोल्का मोडता येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

हा मासाही मूळचा इथला नव्हे बरं. मी तरुण असताना सरकारने पिपांतून आणून सोडला. आता नदी त्याच्या बापाची असल्यासारखा राहतो. तुमची उरजियाही राहील.

माकुलबेक


अल्मा-अता
२६ एप्रिल

आदरणीय व्याही माकुलबेक,

माझ्या गुरांची चौकशी केलीत, आभारी आहे. शेजाऱ्यांचं मांजर खुशाल आहे.

ज्याच्याशी पैज लावली त्याच्याकडेच हत्यार मागणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. पण कोल्का ती कोल्का. जावयाचं नातं शंभर वर्षांचं आणि व्याह्याचं हजार वर्षांचं असतं म्हणतात. हजार वर्षं तुमची बोलणी ऐकून घेण्यापेक्षा दोरी पाठवलेली बरी.

आणि दोरीतलं मला कळतं. हसू नका. दोंब्र्याला आता आतड्याच्या तारा कोण लावतो? आम्ही सगळे तंगूसच लावतो. संगीतशाळेत पोरांना दोंब्रा शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मासेमारीच्या सामानाच्या दुकानातला माणूस मला पट्टीचा कोळीच समजतो. तुमच्यासाठी मी एकेक रीळ दातात धरून, ताणून, छेडून पाहिलं. बघायला गिऱ्हाइकं जमली. एका रिळाचा सूर इतका निर्मळ निघाला की एका बाईने पिशवी खाली ठेवली. तेच पाठवतोय. जरा बारीक आहे, पण माशाला दिसायचं नाही, हा त्याचा गुण.

उरजिया म्हणाली, "बाबा, एवढा बारीक?" मी म्हटलं, तू चहा टाक. तिची आई गेल्यापासून या घरात चहा तीच टाकते, दिवे तीच लावते आणि मला ओरडतेही तीच. ती गेली की मी कोणाशी भांडू? मांजर उलट बोलत नाही.

ते असो. तुम्हाला शुभेच्छा. मनापासून नाहीत, पण रिवाज म्हणून घ्या.

एसकाइर


तोरंगी
१० मे

व्याहीबुवा,

गुरंढोरं? वासराला खोकला झालाय. मांजराला माझा सलाम.

रीळ पोचलं. तुमच्या डोक्याला मानलं! लोक थेट जायिनच्या मागे धावतात आणि त्याला खायला काय घालायचं ते विसरतात. तुम्ही मात्र आधी आमिषाचे मासे धरायची दोरी पाठवलीत. असा पुढचा विचार करणारा व्याही इलीच्या दोन्ही काठांवर कोणाला मिळालेला नाही. त्या तंगुसाने मी बादलीभर रुपेरी मासे काढले. उरलेल्या तंगुसाने झिलिखाने माझा बूट शिवला.

आता खरी दोरी पाठवा. जाड हवी. धुतलेली सतरंजी वाळत घातली तरी कुरकुरणार नाही अशी. आणखी एक सांगतो, जायिनच्या तोंडात दात असे नसतातच, कानशी असतात. बारीक बारीक, जबडाभर. धरून ठेवलं की तो चावत नाही, घासतो. म्हणून दोरी नुसती मजबूत असून भागत नाही, घासणं सोसणारी लागते. सूर लागला नाही तरी चालेल.

बोल्तिरिक रोज सकाळी दाराच्या चौकटीला उभा राहून स्वतःची उंची मोजतो. म्हणतो, "बाबा, मी वाढलो तर तुमची पंचाईत." या वयात कसला वाढतोय! पण मी त्याला जास्त दूध देऊ नको असं झिलिखाला सांगून ठेवलंय.

माकुलबेक


अल्मा-अता
२९ मे

आदरणीय व्याही,

तुम्ही माझ्या दोरीने बूट शिवलात. वाचून मी जरा वेळ खुर्चीत बसलो.

जाड मागितलीत, जाड पाठवतो. दुकानाच्या काचेत पुढेच ठेवलेलं हे रीळ. दुकानदार म्हणाला, हे कोणी नेतच नाही, कित्येक उन्हाळे इथेच आहे. मी म्हटलं, उत्तम! दोंब्र्याचं लाकूड जितकं जुनं तितकं चांगलं, तसंच याचं असणार. रंग मधासारखा पिवळा पडलाय. ताणल्यावर करकर वाजतं, पण आवाज नको असं तुम्हीच लिहिलंय.

लग्नाला उरजियाचे कपडे शिवायला टाकलेत. शिंपीण म्हणाली, मुलगी तोरंगीला जाणार असेल तर बाह्या लांब ठेवते, डास चावतात. मी म्हटलं, बाह्या आखूडच ठेवा.

एसकाइर


तोरंगी
२२ जून

व्याहीबुवा,

गुरं सुखरूप आहेत. आणि मीही आहे, ते तुमच्यामुळे. कसं ते सांगतो.

आमच्या गावाच्या खाली, जिथे पाणी काठाला पोखरून आत शिरलंय, तिथे एक जायिन राहतो. गळाला बेडूक लावला आणि तुमची पिवळी दोरी सोडली. दुपार झाली. मग दोरी हलली, सरसर धावायला लागली, आणि मी ताण दिला. व्याही, बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला! काठावरचे बगळे उडाले. दोरीचे तीन तुकडे, त्यातला एक माझ्या टोपीत. आपण गळाला लागलो होतो हे त्या बिचाऱ्या माशाला कळलंसुद्धा नसेल.

मी होडीत बसून विचार करतोय, तर पायाला गार लागलं. खाली बघतो तर होडीला भोक! मासा लागून मला आत ओढत नेता तर मी आज तुम्हाला पत्र लिहायला नसतो. तुमच्या दोरीने बरोबर वेळेवर तुटून माझा जीव वाचवला. झिलिखाने तुमच्या नावाने तेलात पोळ्या तळून सात घरी वाटल्या.

आता गावात ज्याला त्याला दोरीचं कळायला लागलंय. घोडेवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं, शेपटीच्या केसांचीच दोरी खरी, त्याच्या आजोबाने त्यावर उंट बांधला होता. म्हणून पोरांनी शेतसंस्थेच्या घोडीची शेपटी कापून आणली. दोरी झाली छान, पण पाण्यात भिजली की फुगते आणि मासे तिला गवत समजून खातात. घोडी आता माश्या हाकलायला जवळ येऊन माझ्या अंगाला अंग घासते. संस्थेच्या अध्यक्षाने मला बोलावून विचारलं, "शेपटी कुठाय?" मी म्हटलं, "पाण्यात."

तेव्हा, व्याही, दोरी पाठवा. घाई नाही, पण लग्न ऑक्टोबरात आहे.

माकुलबेक


अल्मा-अता
८ जुलै

आदरणीय व्याही,

तेलातल्या पोळ्या वाटल्याचं वाचून मला कसंतरीच झालं. का ते सांगत नाही.

या वेळी तुटणार नाही अशी वस्तू पाठवतो. आमच्या शाळेतला जुना पियानो मोडीत निघाला. त्याच्या पोलादी तारा मी मागून घेतल्या. ही तार हत्ती आला तरी तुटायची नाही. घासून घासून जायिनचेच दात जातील. वळते मात्र कमी, आणि हातात धरायला जरा तापट आहे. बाकी तुम्ही जाणते आहात.

आता तरी मासा काढला नाहीत तर दोष दोरीचा नाही, एवढं लिहून ठेवा.

एसकाइर


तोरंगी
२७ जुलै

व्याहीबुवांना झिलिखाचा सलाम.

मी पत्र लिहीत नसते. पण आमच्या ह्यांना सध्या लिहिता येत नाही, आणि मी लिहितेय हे ह्यांना माहीत नाही.

तुमच्या पियानोच्या तारेला मासा लागला. मोठा होता, मी काठावरून पाहिला. ह्यांनी तार हाताला गुंडाळली होती. मासा पळाला आणि तार तळव्यातून गेली. आतलं पांढरं दिसत होतं. तरी हे सोडेनात. मी ओरडले, बोल्तिरिक ओरडला, शेवटी पोराने तारच खुंट्यावरून काढून नदीत फेकली. बाकानासच्या दवाखान्यात टाके घालून आणलं. वैद्यबाईंनी विचारलं कशाने झालं, तर हे फुशारकीने म्हणाले, "माझ्या व्याह्याने माझ्यासाठी पियानो मोडला." गावभर तेच सांगत फिरताहेत.

आता तुम्हाला खरं सांगते. पहिलं रीळ आलं तेव्हाच ह्यांनी बोटाला गुंडाळून बघितलं होतं आणि म्हणाले होते, "व्याह्याने चिमणी बांधायची दोरी पाठवली." मी म्हटलं, मग तसं लिहा की! तर म्हणाले, "एकुलती एक लेक असलेला माणूस दुसरं काय करणार? आपल्याला चार आहेत, तरी बोल्तिरिक चार दिवस शहरात गेला की मी दाराकडे बघत बसतो." ते बादलीभर मासे मनाचेच. एकच लागला होता, तोही बदकांना घातला. होडीचं भोक खरं आहे, पण ते मार्चपासून आहे.

मला तुमच्या माशाचं काही नाही. सून कुठेही राहिली तरी मला प्रिय आहे. तुम्ही दोघे म्हातारे बोकड एकमेकांच्या शिंगांना शिंगं लावून उभे आहात, आणि ज्यांच्यासाठी उभे आहात त्या पोरांना कोणी विचारतही नाही. बोल्तिरिक म्हणतो, तिकडेही चालेल. मग म्हणतो, इकडेही चालेल. मग बाहेर जाऊन लाकडं फोडतो.

हाताला सूज आहे. बाकी ठीक. गाय दूध देते.

झिलिखा


अल्मा-अता
९ ऑगस्ट

माकुलबेक,

विहीणबाईंचं पत्र मिळालं. त्यांनी लिहिल्याचं तुम्हाला माहीत नाही असं त्यांना वाटतं, तर तसंच राहू द्या.

मला लाज वाटते. साध्या शब्दांत लिहितो, कारण सजवून लिहिलं तर तुम्ही ते दुसरंच काही समजून मला दुवा द्याल, आणि तो मला आता सोसवणार नाही. तुमचा हात माझ्यामुळे कापला. पियानोची तार हाताला काय करते हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ते 'तापट आहे' असं लिहून मोकळा झालो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारा राहतो. त्याने उभं आयुष्य विमानतळावर हवाई छत्र्यांच्या घड्या घातल्या. त्याच्याकडून ही दोरी मिळवली. नायलॉनची, पिळाची, करंगळीपेक्षा जरा बारीक. हातात घेऊन बघा, मऊ आहे, कापत नाही. आणि ताण आला की किंचित लांबते, झटका पोटात घेते. दोंब्र्याला अशी तार लावली तर एक सूर जागेवर राहणार नाही. पण जायिनसाठी हीच हवी, हे मला तुमच्या तळव्याची किंमत देऊन कळलं. गळाच्या जवळ घासणं होतं म्हणून शेवटची दोन हात दोरी दुहेरी पिळून दिली आहे. गाठी उरजियाने मारल्यात. सोबत चामड्याचे हातमोजे आहेत. ते घालाच.

या वेळी मी कानाने निवड केली नाही. दोरीचं एक टोक आमच्या गॅलरीच्या कठड्याला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला, आणि खाली लोंबकळून पाहिलं. पहिल्या मजल्यावर राहतो, घाबरू नका. पण वजन पुरेना, म्हणून छत्र्यांवाला म्हाताराही माझ्या पायांना लोंबकळला. रस्त्यावरच्या कोणीतरी अग्निशमन दलाला कळवलं. ते शिडी घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, काय चाललंय? उरजिया वरून म्हणाली, "लग्नाची तयारी."

दोरी टिकली. देव करो आणि तुमच्याकडेही टिको.

एसकाइर


तोरंगी
२८ ऑगस्ट

व्याही! व्याही! व्याही!

गुरं वगैरे सगळे मजेत आहेत, नंतर विचारा.

निघाला!

अजून उजवा हात नीट चालत नाही, डाव्याने लिहितोय, अक्षर वाकडं आहे पण बातमी सरळ आहे. दोरीचा एक वेढा होडीच्या खुंट्याला दिला, हातमोजे घातले, बोल्तिरिकला वल्ह्यावर बसवलं. ऊन कलायला लागलं आणि त्याने बेडूक गिळला. मी ताण दिला. तुमची दोरी जराशी लांबली, पण तुटली नाही. मग मासा निघाला आणि त्याच्यामागे आम्ही.

त्याने आम्हाला अख्ख्या तोरंगीतून फिरवून आणलं. शाळेसमोरून गेलो तेव्हा मास्तर बाहेर येऊन म्हणाले, "सोडून द्या!" बायका सतरंज्या धूत होत्या, त्या म्हणाल्या, "धरून ठेवा!" अध्यक्ष काठावरून ओरडला, "दोरी कुणाची?" मी म्हटलं, "व्याह्याची!" घोडीही काठाकाठाने पळत आली. शेवटी तो उथळ वाळूवर थकून पडला. मी त्याच्या कल्ल्यात हात घातला आणि रडलो. खरंच रडलो, लपवत नाही.

मग माप घेतलं. बोल्तिरिकला वाळूवर त्याच्याशेजारी आडवं केलं. माशाने शेपटी मारली, नवऱ्यामुलाचा एक गाल अजून सुजलेला आहे, पण लग्नापर्यंत उतरेल. आता नीट वाचा. मी खोटं लिहिणार नाही. नाकापासून शेपटीपर्यंत मासा बोल्तिरिकपेक्षा चार बोटं कमी भरला. पण त्याच्या वरच्या दोन मिशा पुढे सरळ केल्या तर वीतभर जास्त. म्हणजे मासा मोठा. पोरं तोरंगीत राहणार.

मुंडकं तुमच्यासाठी बर्फाच्या खड्ड्यात ठेवलंय. थोरल्या व्याह्याचा मान. मेंढीचं मुंडकं असलं की कान कापून पोरांना द्यायचे असतात, ते याला नाहीत, तेव्हा त्याचं काय करायचं ते तुम्ही आल्यावर ठरवा.

माकुलबेक


अल्मा-अता
३ सप्टेंबर

आदरणीय व्याही,

अभिनंदन. तुमचा हात बरा होतोय याचा आनंद मनापासून आहे.

मात्र मिशा मोजायच्या नाहीत.

शिंपी अंगरख्याचं माप घेताना मिशी मोजतो का? सैन्यात भरती करताना मिशी मोजतात का? नाकाच्या पुढे जे आहे तो मासा नव्हे, ती माशाची सजावट आहे. पैज 'नवऱ्यामुलाएवढा जायिन' अशी होती, 'नवऱ्यामुलाएवढा जायिन आणि त्याचा थाटमाट' अशी नव्हती. शाळेतल्या सगळ्या मास्तरांना विचारलं. गणिताचे मास्तर माझ्या बाजूचे. भूगोलवाले म्हणतात, नदी मोजताना तिच्या फांद्या मोजत नाहीत.

लेक माझ्याकडे राहील.

एसकाइर


तोरंगी
९ सप्टेंबर

व्याहीबुवा,

तुमचं पत्र दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत उभं राहून तोरंगीने न्याय केला. तो असा.

डूल घालण्याच्या दिवसाचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्यात आपण सगळे आहोत आणि मध्ये तुमच्या मिशा आहेत. दोन्हीकडे कानांपर्यंत गेलेल्या, टोकं वर. बघणारा आधी मिशा बघतो आणि मग विचारतो, त्यांच्यामागे उभा आहे तो कोण? त्या मिशांना तुम्ही मेण लावता, झोपताना फडकं बांधता, हे आम्हाला उरजियाकडून कळलंय. तेव्हा आम्ही विचारतो, मिशी जर नुसती सजावट, तर लग्नाला ती घरी ठेवून या. बिनमिशीचे आलात तर जायिन चार बोटांनी कमी भरला असं सगळं गाव लिहून देईल. मिशांसकट आलात तर त्याच्याही मिशा त्याच्याच.

अध्यक्षाची सही खाली आहे. घोडीच्या शेपटीचा विषय त्याने या निकालात घ्यायला लावला होता, मी काढून टाकला.

माकुलबेक


अल्मा-अता
१४ सप्टेंबर

माकुलबेक,

काढली.

काल सकाळी आरशासमोर उभा राहिलो. आधी डावी बाजू कापली. मग उजवीकडे बघत बराच वेळ उभा राहिलो, तेवढ्यात मांजर आलं, माझ्याकडे बघून फिस्कारलं, आणि मी उजवीही कापली. वरचा ओठ इतका पांढरा निघाला की जणू तो माझा नव्हेच. शाळेत पोरं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं तपासणीला कोणी साहेब आलाय. गणिताचे मास्तर म्हणाले, "यासाठी मी तुमची बाजू घेतली नव्हती."

उरजिया खूप हसली. हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "बाबा, आईनेही तुम्हाला असं कधी पाहिलं नव्हतं." मी म्हटलं, म्हणूनच आत्तापर्यंत काढली नव्हती.

हे सगळं हास्यास्पद आहे हे मला कळतं. पण मिशी आणि लेक यांच्यात निवड करायला मला फार वेळ लागला नाही. फक्त उजव्या बाजूपाशी जरा लागला.

पोरं माझ्याकडे राहतील. मी जिंकलो. जिंकल्यासारखं वाटत का नाही, ते मला विचारू नका.

एसकाइर


तोरंगी
२० सप्टेंबर

एसकाइर,

बिनमिशीच्या माणसाला 'तुम्ही' म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून आजपासून 'तू'. तूही मला तसंच म्हण.

तुझं पत्र दुकानात वाचलं. आधी कोणीच हसलं नाही. मग घोडेवाला म्हातारा म्हणाला, "माझ्या सासऱ्याने मला लेक देताना एक लंगडं शिंगरू मागून घेतलं होतं. आणि याने मिशी दिली." मग सगळे असे हसले की एक बरणी फुटली. घरी आलो आणि झिलिखाला म्हटलं, मी हरलो. ती म्हणाली, "हरलात, आणि बरं झालं." तिचे डोळे लाल होते. चुलीच्या धुराने असतील.

शब्द तो शब्द. मासा चार बोटांनी कमी होता. बोल्तिरिक तुझ्याकडे येईल. कोणी त्याला पिल्लू म्हणालं तर त्याच्याशी मी बोलेन, डावा हात शाबूत आहे. त्याला आंघोळीला गार पाणी चालत नाही, आणि तो खोटं बोलताना कान खाजवतो. एवढं तुला माहीत असलेलं बरं. घर त्याच्याशिवाय कसं वाटेल ते मी अजून करून पाहिलेलं नाही. सध्या तो बाहेर गेला की मी दार उघडंच ठेवतो.

आता माझी दुसरी कोल्का. आपल्याकडे पहिलं नातवंड आजा-आजीच्या मांडीवर वाढतं, नवऱ्याच्या आईबापांच्या. तुझ्या बापाला त्याच्या आजोबांनी वाढवलं, मलाही माझ्या आजोबांनी. मुलगा असो की मुलगी, पोरांना पहिलं जे होईल ते तोरंगीत वाढेल, माझ्या आणि झिलिखाच्या घरात. दिलंस म्हण. नाही म्हणता येत नाही, तुला माहीत आहे.

माकुलबेक


अल्मा-अता
२६ सप्टेंबर

माकुल्या,

वाचलं, आणि पाणी प्यायलो, आणि पुन्हा वाचलं. उरजियाला दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, आधी लग्न तर होऊ द्या," आणि लाल होऊन स्वयंपाकघरात गेली. नको म्हणाली नाही.

तू किती आतल्या गाठीचा आहेस! मी मिशी देऊन लेक राखली आणि तू एका कागदावर पुढचं सगळं घेतलंस. कारण हिशेब सरळ आहे. मूल तोरंगीत, म्हणजे उरजियाचं मन तोरंगीत. पहिल्या महिन्यात ती आठवड्याला बाकानासची बस धरेल, दुसऱ्या महिन्यात परत यायची बस चुकवायला लागेल. ती तिकडे राहिली की बोल्तिरिक इकडे काय करेल, लाकडं फोडेल? पहिल्या मजल्यावर लाकडं नाहीत. तोही जाईल. आणि मग मी इथे बसून मांजराला दोंब्रा शिकवू?

खूप विचार केला. रागावून पाहिलं, जमलं नाही. ज्या माणसाने चिमणीच्या दोरीबद्दल मला दुवा दिला, त्याच्या घरात माझं नातवंड वाढणार असेल तर ते चांगलं वाढेल. हे मी मनापासून लिहितोय.

दिलं.

आता माझी कोल्का. तुलाही नाही म्हणता येणार नाही. पाळणा ज्या खोलीत असेल, त्याच खोलीत माझी खाट टाक. शाळेला मी सांगेन, पोरांना दोंब्रा तोरंगीतही शिकवता येतो, तिथल्या पोरांना कोणी शिकवत नाही. डास चावले तर चावू दे.

रात्री मूल रडलं तर मी उठेन. तू झोप.

एसकाइर